फळीवरचा दगड

बेनी हार्कसच्या हातची खुर्ची नाही असं घर आमच्या स्कारवेल परगण्यात शोधूनही सापडणार नाही. ओटच्या पेंढ्याची विणलेली उंच गोलसर पाठ, मागून येणारा वारा अडवणारी, आणि खाली लाकडाची बंद पेटी. पेटीला एक खण, त्यात चष्मा, तंबाखू, विणकामाच्या सुया, ज्याचं त्याला जे लागेल ते. बसायला खुर्ची इतकी सुखाची की म्हातारी माणसं तिच्यातच झोपतात आणि काहीजण तिच्यातच जातात.

पाठ पेंढ्याची का, तर आमच्या ऑर्क्नी बेटांवर झाडच नाही. वारा उगवू देत नाही. लाकूड आम्हाला समुद्र देईल तेव्हा मिळायचं, आणि त्याचा आमच्याकडे एक नियम आहे. किनाऱ्याला लागलेली फळी जो भरतीच्या रेषेच्या वर ओढतो आणि तिच्यावर एक दगड ठेवतो, त्याची ती फळी. मग ती तिथे वर्षभर पडून राहिली तरी तिला कोणी हात लावत नाही, उलटून बघतसुद्धा नाही. चर्चची दानपेटी एकवेळ कोणी फोडील, पण दगड ठेवलेली फळी हलवणार नाही. या नियमाचा आम्हाला फार ताठा होता. मी हे सांगतोय ते तो ताठा उतरल्यानंतर.

सन चाळीसमध्ये नौदलाने आमची सहा शेतं घेतली आणि त्यावर विमानतळ केला. नाव ठेवलं एचएमएस डनलिन. म्हणजे कागदोपत्री ते जहाजच. जमिनीला डेक म्हणायचं, स्वयंपाकघराला गॅली, आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं की माणूस ‘किनाऱ्यावर’ गेला. ज्याचं सगळ्यात मोठं शेत गेलं त्या म्हाताऱ्या ड्रेव्हरने फाटकावरच्या शिपायाला गंभीर चेहऱ्याने विचारलं होतं, “बुडायला लागलं तर वेळेवर सांगाल ना? खाली माझे बटाटे आहेत.” धावपट्टीवर विमानवाहू जहाजाच्या डेकची पांढरी चौकट रंगवली होती. एकावर एक दोन पंखांची, कापडाने मढवलेली विमानं दिवसभर त्या चौकटीत उतरायची आणि लगेच पुन्हा उडायची. समुद्रावरच्या खऱ्या डेकवर उतरण्याची ती तालीम.

बेनी तेव्हा बावीस वर्षांचा सुतार होता. डाव्या कानाने ठार बहिरा, म्हणून लढाईवर घेतला नाही. नौदलाने त्याला विमानतळावर कामाला लावलं. खिडक्या, दारं, बाकं, आणि अधूनमधून शवपेट्या. नंतर विमानतळाच्या पाद्रीबुवांनी कुठूनशी एक ओकची फळी मिळवली, पुरुषभर लांब आणि दोन बोटं जाड, आणि ती प्रार्थनाघराच्या पत्र्याच्या झोपडीत टांगून बेनीला सांगितलं, “इथला जो कोणी जाईल त्याचं नाव यावर कोर. विमानातला असो की गॅलीतला आचारी. मला त्यात भेद नको.”

तसं बेनीने कोरायला घेतलं. नाव आलं की फळी खाली उतरवायची, कोरायची, पुन्हा टांगायची.

त्याच्या खोपटात सरसाचं भांडं ठेवलेली चूल दिवसभर पेटती असे. त्या उबेला यायचा तो इड्रिस प्यू. वेल्सचा, एकोणीस वर्षांचा. विमानात सगळ्यात मागे बसून रेडिओ आणि मशीनगन सांभाळायचा. त्याचा बाप पाटीच्या दगडाच्या खाणीत कामाला होता, त्यामुळे पटाशी कशी धरतात ते या पोराला चांगलं कळत होतं. बेनीच्या उजव्या बाजूला बाकावर चढून बसायचा आणि तोंड चालू ठेवायचा.

“बेनी, ही अक्षरं आहेत की मांजराने ओरबाडलंय?”

“लाकूड ओक आहे, लोणी नव्हे. तू खोद बरं.”

“मी खोदलं तर तुझी नोकरी जाईल. आमच्या बापाने हे बघितलं असतं ना, तर तुझ्या चांगल्या कानाखाली दिली असती. अरे, अक्षर खोल घालावं. शंभर वर्षं पाऊस पुसत बसला तरी राहिलं पाहिजे.”

“इथे छप्पर आहे.”

“छपराचा काय भरवसा? पत्र्याचं आहे.”

बेचाळीसच्या ऑक्टोबरात समुद्रावरून धुकं चढलं आणि तालमीवर गेलेलं एक विमान पांढऱ्या चौकटीऐवजी खाडीत उतरलं. तिघांपैकी दोघं सापडले. इड्रिस सापडला नाही. दोन दिवसांनी पाद्रीबुवांनी बेनीच्या हातात चिठ्ठी ठेवली. बेनीने फळी उतरवली आणि इड्रिसचं नाव इतकं खोल घातलं की पटाशी अर्ध्या फळीपर्यंत गेली. वर टांगली तेव्हा बाकीच्या नावांत ते एकटंच काळंभोर दिसत होतं. पाद्रीबुवा त्याकडे बघत राहिले.

लढाई संपली. सेहेचाळीसमध्ये विमानं गेली, एकोणपन्नासमध्ये शेवटचा पहारेकरीही बोटीत बसला आणि फाटक उघडं राहिलं. त्या आठवड्यात आमच्या परगण्यातल्या एकूण एक घरची गाडी विमानतळावर होती. आम्हाला त्यात चोरी वाटली नाही. नौदल ओहोटीसारखं मागे गेलं होतं आणि मागे लाकूड पडलं होतं. आम्हाला लागू असलेला एकच नियम आम्ही लावला. दारावर दगड, खिडकीवर दगड, बाकावर दगड. आमच्या गोठ्याची दारं अजून नौदलाच्या करड्या रंगाची आहेत, तेव्हा मी तरी नाक वर करून बोलू नये.

बेनी प्रार्थनाघरात शिरला तेव्हा क्रूस, घंटा सगळं नौदलाने नेलं होतं. फळी मात्र भिंतीवरच होती. घ्यायची कोणाच्या लक्षात राहिली नसेल. त्याने ती उतरवली, नावांची बाजू खाली करून जमिनीवर ठेवली आणि बाहेर जाऊन एक दगड आणला.

त्यानंतर दिवसभर माणसं तिथे येऊन गेली. बाकं गेली, फरशीखालच्या पट्ट्या गेल्या. मधोमध एवढी मोठी ओकची फळी पालथी पडली होती आणि कोणीही ती उलटून बघितली नाही. दगड होता ना.

बेनीने ती हिवाळाभर खोपटाच्या आढ्याला ठेवली. नौदलाचं पत्र येईल, कोणीतरी मागेल, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. कोणी मागितली नाही. त्याने विचारलंही नाही. एक पत्र लिहायला किती वेळ लागतो? पण त्या हिवाळ्यात त्याची बायको थोरा पहिलटकरीण होती, घरात धड बसायला खुर्ची नव्हती, आणि असलं ओक पुन्हा जन्मात हाती लागणार नव्हतं. खरं सांगायचं तर फळी ठेवून घ्यायला त्याला कारण हवं होतं आणि ते मिळालं.

मार्चमध्ये त्याने रंधा घेतला. आपल्याच हाताने कोरलेली नावं आपल्याच हाताने उतरवली. एका फटक्याला नावाचं एक टोक, दुसऱ्याला दुसरं. लाकडाच्या सुरळ्या पायाशी पडत होत्या, त्या त्याने चुलीत घातल्या आणि त्यावर चहाचं पाणी ठेवलं. तो चहा तो प्यायला. पुढे सदतीस वर्षं बेनीला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या चहाची.

फक्त इड्रिसच्या नावाशी गाडं अडलं. ते पुसायचं तर फळी पापडाइतकी पातळ झाली असती, बसलेलं माणूस खाली गेलं असतं. म्हणून त्याने तो तुकडा बैठकीला लावला, नाव खालच्या अंगाला, पेटीच्या आत. खण बसवला आणि नावावर पडदा पडला. थोराने त्या खुर्चीत चार पोरांना पाजलं. खुर्ची बघून शेजाऱ्यांनी बेनीकडे खुर्च्या मागायला सुरुवात केली, आणि बेनीचा जम बसला.

वर्षं गेली. शाळेच्या निवृत्त बाई, मिस क्लाउस्टन, यांनी विमानतळाच्या मनोऱ्यात छोटं संग्रहालय काढायचं मनावर घेतलं आणि बेनीला हाताशी धरलं, कारण आत काम केलेला तोच एक उरला होता. बेनी फार रंगवून सांगायचा. जमिनीवरचं जहाज, ड्रेव्हरचे बटाटे, लोकांची हसून मुरकुंडी वळायची. कोणी प्रार्थनाघराबद्दल विचारलं की तो डावा कान पुढे करायचा. बहिरा माणूस म्हणून लोक पुढचा प्रश्न विचारायचे.

सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये मिस क्लाउस्टन एका पाहुणीला घेऊन बेनीच्या दारात उभ्या राहिल्या. लहान चणीची, साठीला टेकलेली बाई, डोक्याला रुमाल, हातात जपून घडी घातलेलं पत्र. नाव ग्वेनेथ. इड्रिसची धाकटी बहीण.

थोराने तिला आपल्या खुर्चीत बसवलं. पाहुणीला घरातली चांगली खुर्ची द्यायची, ही आमची रीत.

“दक्षिणेकडे मोठं स्मारक आहे नौदलाचं,” ग्वेनेथ म्हणाली. “तिथे त्याचं नाव आहे. हजारो नावांत एक. आईला ते कधी आपलं वाटलं नाही. तिला हे पत्र आपलं वाटायचं. ती गेल्या वर्षी गेली, तेव्हा म्हटलं, आपण तरी जाऊन यावं.” आणि तिने पाद्रीबुवांचं पत्र वाचलं. “‘इड्रिसला कबर नाही, पण त्याचं नाव आमच्या इथे ओकच्या फळीवर आहे. ज्या सुताराने ते कोरलं त्याने इतरांपेक्षा फार खोल कोरलं आहे. मी त्याला कारण विचारलं नाही.’ तो सुतार कोण, कोणाला ठाऊक असेल का हो?”

“अहो, तेच हे!” मिस क्लाउस्टनना आनंद आवरेना. “हेच बेनी हार्कस!”

ग्वेनेथ उठली. तिने बेनीचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. “हे आईच्या वतीने,” ती म्हणाली. बेनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो हात त्याला ओढून घेता येईना आणि तिच्या हातात ठेववेना.

“मग फळी कुठे आहे, मिस्टर हार्कस?”

तो डावा कान पुढे करायला गेला, पण ती उजव्या बाजूला उभी होती.

“फळी... फळी नौदलाने नेली.”

“कुठे?”

“ते काही सांगितलं नाही आम्हाला.”

ती मान हलवून पुन्हा खुर्चीत बसली. तिने बॅनक, म्हणजे आमची जवाची जाड भाकरी, खाल्ली, चहा प्यायली, खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, “किती सुंदर काम आहे हो.” बेनी भांडी उचलण्याच्या निमित्ताने आत गेला आणि बाहेर आलाच नाही.

पाहुणी गेल्यावर थोराने कप विसळता विसळता विचारलं, “तिची बोट कधी आहे?”

“उद्या दुपारी.”

“म्हणजे सकाळ आहे तुझ्याकडे.”

बेनीने फडकं घेतलं आणि कप पुसायला लागला.

“मोठा सांगणारा तू. ड्रेव्हरचे बटाटे शंभरदा सांगितलेस. ते एक नाव तेवढं तुझ्या तोंडून निघेना.”

“कुठलं नाव?”

“आता मलाच बहिरा कान दाखवतोस? पोरगं तीन महिन्यांचं असताना लोकरीचा गुंडा खणाच्या मागे अडकला होता. काढायला हात आत घातला. बोटांना अक्षरं लागली.”

“अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तू त्यावर दगड ठेवला होतास ना! दुसऱ्याची फळी मी कशाला उलटू?” आणि मग तिचा आवाज खाली आला. “वाटलं होतं, तू सांगशील. मीही त्यातच बसत राहिले, बेनी. मला काही कमी लाज नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस क्लाउस्टन ग्वेनेथला विमानतळ दाखवायला घेऊन गेल्या. प्रार्थनाघराचं आता जमिनीवरचं सिमेंट तेवढं उरलंय, चारी बाजूंनी गवत आणि मेंढ्या. तिथे बेनी आणि थोरा आधीच येऊन थांबले होते आणि सिमेंटवर मधोमध ती खुर्ची ठेवलेली होती. थोराची व्हॅन मागे उभी होती.

“हे काय, बेनी?” मिस क्लाउस्टन हसत म्हणाल्या. “पाहुण्यांना भेट?”

बेनीने खण ओढून काढला आणि गवतावर ठेवला. “बाई,” तो ग्वेनेथला म्हणाला, “हात आत घाला. वरच्या बाजूला. बैठकीला खालून.”

ती गुडघ्यावर बसली. हात कोपरापर्यंत आत गेला. आधी तिला काहीच कळलं नाही. मग बोटं थांबली, मागे आली, पुन्हा पहिल्यापासून हळूहळू सरकू लागली. एक इंग्रजी अक्षर, ठिपका, मग आडनावाची चार अक्षरं. तिने ती तीनदा वाचली. चेहरा खुर्चीला टेकला होता, त्यामुळे तो कोणाला दिसला नाही.

“ही ती फळी,” बेनी म्हणाला. “नौदलाने नेली नाही. मी नेली. काल मी खोटं बोललो.”

मिस क्लाउस्टन कधी बेनीकडे, कधी थोराकडे बघत होत्या.

“आणि बाकीची नावं?” ग्वेनेथने विचारलं. हात अजून आतच होता.

“रंधा मारला.”

“कोणी?”

“मीच. त्याचं निघालं नाही, म्हणून राहिलं. ठेवलं नाही मी. राहिलं.”

यातलं शेवटचं वाक्य तो बोलला नसता तरी चाललं असतं. कोणीही समजलं असतं की त्याने मित्राचं नाव जपून ठेवलं. ते श्रेयही त्याने घेतलं नाही, आणि बेनीबद्दल काही बरं बोलायचं तर मला एवढंच बोलता येतं.

ग्वेनेथने हात बाहेर काढला आणि उठली. “काल मी तुमचा हात कपाळाला लावला.”

“हो.”

“ओढून घ्यायचा होता तुम्ही.”

“हो.”

“किती नावं होती?”

“बावीस.”

“म्हणा.”

“काय?”

“नावं म्हणा. तुम्ही कोरलीत ना? मोठ्याने म्हणा.”

बेनीने टोपी काढली. फळी डोळ्यांसमोर धरल्यासारखा तो वरून खाली म्हणत गेला. कोण कुठला, कोण आचारी, कोण विमानाच्या पंख्याच्या पात्याखाली गेला, कोण छातीच्या दुखण्याने. ग्वेनेथ बोटांवर मोजत होती. इड्रिसचं नाव आलं, गेलं. अठरा. एकोणीस. मग तो अडला. पुन्हा वरून सुरू करून आला, पुन्हा तिथेच अडला. ते वगळून खालची दोन म्हटली.

“एकवीस,” ग्वेनेथ म्हणाली.

“खालून तिसरं,” बेनी म्हणाला. “तिथे लाकडाला गाठ होती. पटाशी दोनदा घसरली. कुठल्या अक्षरावर घसरली तेही आठवतं, गोल अक्षर होतं. पण नाव...” त्याने थोराकडे बघितलं, जणू तिला ठाऊक असणार. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्याने ते पुसलं नाही.

“खुर्ची घेऊन जा, बाई,” थोरा म्हणाली. “बोटीवर चढवून देतो आम्ही. तुमचीच आहे ती.”

“नको.” ग्वेनेथने डोक्याचा रुमाल घट्ट बांधला. “मी नेली की तुम्ही मोकळे व्हाल. असू दे तुमच्याच घरात.” दोन पावलं जाऊन ती वळली. “खोल कोरल्याबद्दल मात्र आभार. तेवढे राहिले होते.”

दुपारच्या बोटीने ती गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या परगण्याला कळलं. कोणी बेनीला तोंडावर काही बोललं नाही. बोलणार कोण? प्रत्येकाच्या गोठ्याला करडी दारं होती आणि आमच्यापैकी निम्मे त्या दिवशी त्या पालथ्या फळीला वळसा घालून बाकं उचलत होते.

मिस क्लाउस्टननी नौदलाच्या कचेरीला तीन पत्रं लिहिली. उडताना गेलेल्यांची यादी आली, ती सगळी बेनीने म्हटलेल्या नावांत होतीच. राहिलेला कोणीतरी गॅलीतला असेल, नाहीतर सामान वाहणारा. त्याच्यासाठी अजून कोणी आलेलं नाही.

बेनीने त्या हिवाळ्यात किनाऱ्यावरून एक मोठी फळी ओढून आणली आणि एकवीस नावं कोरली. सगळी सारखी खोल, अर्ध्या फळीपर्यंत. हाताला कंप होता, वसंत लागेपर्यंत वेळ गेला. मनोऱ्यातल्या संग्रहालयात ती भिंतीला टांगायची ठरलं होतं, पण त्याने टांगू दिली नाही. टेबलावर आडवी ठेवली, आणि खालून तिसऱ्या रिकाम्या जागेवर किनाऱ्यावरचा एक दगड ठेवला.

बेनी गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. उन्हाळ्यात परगावचे लोक संग्रहालय बघायला येतात. खाली काहीतरी लिहिलं असेल म्हणून ते दगड उचलतात, कोरं लाकूड बघतात आणि दगड भलतीकडेच ठेवून निघून जातात. मग आमच्यापैकी कोणीतरी तो पुन्हा जागेवर ठेवतं. आम्ही स्वतः तो कधी उचलत नाही. एकोणपन्नास साली प्रार्थनाघरातला दगड एकाने जरी उचलला असता तरी चाललं असतं.